म्हातारपण कोणाच्या नावावर?

फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी एक फॉरवर्ड येतो. पूर्वी वाडे मोठे होते, मनं मोठी होती, एकत्र कुटुंबं होती, म्हणून वृद्धाश्रम नव्हते. आता फ्लॅट छोटे, मनंही छोटी, म्हणून गल्लोगल्ली वृद्धाश्रम. खाली हात जोडलेला इमोजी. काका 'अगदी खरं' लिहितात, आत्या अंगठा देतात, आणि आपण पंचविशी-तिशीतले लोक नोटिफिकेशन बाजूला सारतो. वाद घालायला वेळ नसतो, आणि आत कुठेतरी टोचलेलंही असतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एखादी सिस्टिम विचित्र वागायला लागली की 'लोक वाईट झाले' हे कारण आम्ही लॉगमध्ये लिहू शकत नाही. कोणता नियम कधी बदलला, कोणाकडे कसला ॲक्सेस होता, हे बघावं लागतं. तोच प्रकार इथे करून पाहिला. गेल्या दीडेकशे वर्षांत आपल्याकडचे म्हातारे लोक नेमके कुठे राहिले, कोणाच्या छपराखाली, आणि तिथे राहण्याचा त्यांना काय हक्क होता? शोधत गेलो तेव्हा 'संस्कार' हा शब्द कमी वेळा भेटला. सातबारा, भाडेपावती, पेन्शनचा कागद आणि बक्षीसपत्र हे मात्र पुन्हा पुन्हा भेटत राहिले.

आधी थोडे आकडे

'पूर्वी' म्हणजे कधी, हे फॉरवर्डमध्ये कधीच लिहिलेलं नसतं. आपण स्वातंत्र्याच्या आसपासचा काळ धरू. तेव्हा भारतात जन्मतानाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरच्या घरात आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सरासरी ३२ म्हणजे सगळे बत्तिशीत मरत होते असं नाही. बालमृत्यू प्रचंड होते, त्यांनी सरासरी खाली ओढलेली होती. जी मुलं जगली, वाढली, साथींतून आणि बाळंतपणांतून वाचली, त्यातली काही सत्तरी गाठतच होती. पण ती संख्येने कमी होती. १९६१ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात सुमारे अडीच कोटी होते. २०११ मध्ये ते १० कोटींच्या वर गेले. महाराष्ट्रात तर लोकसंख्येच्या ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते. देशाचं प्रमाण ८.६ टक्के होतं.

म्हणजे पूर्वी प्रत्येक घरात आजी-आजोबा होते हे चित्र बऱ्याच अंशी आठवणीतलं आहे. ज्यांच्या घरात ते होते, त्यांनाच तसं आठवतं. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ साली भारतीय कुटुंबावरचं एक महत्त्वाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. गुजरातमधल्या एका गावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी त्यांनी तपासल्या, तेव्हा त्यात छोटी, साधी कुटुंबंच जास्त निघाली. एकत्र कुटुंब हा आदर्श होता, पण तो सगळ्यांना परवडत नव्हता. शेतजमीन, व्यापार किंवा वतन असलेल्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली राहत. ज्याच्याकडे वाटून घेण्यासारखं काहीच नव्हतं, त्याची मुलं पोट भरायला निघून जात.

वाड्यात कोण कुठे झोपत होतं?

आता त्या मोठ्या वाड्यात शिरू. पुण्यातला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परस. म्हाताऱ्या माणसासाठी ही रचना खरोखर सोयीची होती, आणि हे श्रेय वाड्याला दिलंच पाहिजे. ओसरीवर बसलं की येणारा-जाणारा दिसतो, चौकात मुलं खेळतात, जिना चढावा लागत नाही. 'समाजात मिसळा' असं डॉक्टरांनी लिहून देण्याची गरज नव्हती. रस्ताच अंगणात येत होता.

पण ओसरीवर कोण बसत असे? घराचा कर्ता पुरुष. वाडा, जमीन, देणी-घेणी त्याच्या हातात होती. तो म्हातारा झाला तरी सही त्याचीच चाले. मुलगे-सुना त्याच्यासमोर खाली मान घालून उभ्या राहत. यात आदर असेलही, पण हा आदर मालमत्तेला चिकटलेला होता. याची परीक्षा करायची तर त्याच वाड्यातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघावं लागतं, जिच्या नावावर काहीच नव्हतं. ती म्हणजे विधवा आत्या, विधवा काकू, पोरसवदा वयात नवरा गेलेली आणि आता साठीला आलेली. आलवण नेसलेली, केशवपन केलेली, मागच्या अंधाऱ्या खोलीत राहणारी, घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला आणि आजारपणाला राबणारी. तिला हक्क होता तो अन्नवस्त्राचा. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित का होईना वाटा मिळाला तो १९३७ च्या कायद्याने, आणि पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. एकाच छपराखाली, एकाच 'संस्कारी' घरात दोन अगदी वेगळी म्हातारपणं नांदत होती. दोघांमधला फरक कागदाचा होता.

घराबाहेरच्या म्हातारपणाचीही सोय होती. धर्मशास्त्राने तर वानप्रस्थ सांगूनच ठेवला होता. केस पांढरे झाले, नातवंड दिसलं, की वनात जावं. वनात फारसं कोणी गेलं नाही, पण काशीला जाऊन राहणारे मात्र होते. तिथे मरण आलं तर मोक्ष मिळतो, या श्रद्धेने अनेक मराठी घरांतले म्हातारे, विशेषतः विधवा, काशीवासाला गेल्या. श्रद्धा खोटी नव्हती. पण घरात आपली जागा उरलेली नाही हे कळल्यावर निघून जाण्याचा तो एक सन्मानाचा मार्गही होता. त्याला वृद्धाश्रम म्हणत नव्हते इतकंच.

आणि ज्यांना वाडा नव्हता, काशीचं गाडीभाडं नव्हतं, त्यांचं काय? त्याचं उत्तर पुण्यातच, नव्या पेठेत आहे. आज आपण 'निवारा' म्हणून ओळखतो ती संस्था १८६० च्या दशकातली आहे. तिचं जुनं नाव डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह. हे ससून बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला, आणि त्यातला बराच मुंबई-पुण्यात दानधर्मावर खर्च केला. १८६४ साली पुण्यातच त्यांचा मृत्यू झाला. ससून रुग्णालय आपल्याला माहीत असतं, पंगुगृह फारसं माहीत नसतं. त्या नावात एक गंमत आहे. त्यात 'वृद्ध' हा शब्दच नाही. अनाथ आणि पंगू. म्हातारं होणं ही वेगळी अवस्था मानली जात नव्हती. ज्याला कोणी नाही आणि ज्याचं शरीर चालत नाही, अशांच्या रांगेत म्हातारे उभे केले जात. तरी मुद्दा राहतोच. पेशवाई जाऊन अर्धशतकही झालं नव्हतं, वाडे भरलेले होते, आणि त्याच पुण्यात निराधारांसाठी घर उघडावं लागलं होतं.

दरमहा येणारा पैसा

इंग्रजी राजवटीने म्हातारपणात एक नवीन कागद आणला. पेन्शन. १८७१ चा पेन्शन कायदा अजूनही आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे. सरकारी नोकरी केलेल्या कारकुनाला, मास्तराला, मामलेदाराला काम थांबल्यावरही मरेपर्यंत पैसे मिळत राहणार, ही कल्पना आज साधी वाटते. शेतकरी समाजात ती क्रांतिकारक होती. म्हाताऱ्याचा मान जमिनीवर अवलंबून न राहता मनीऑर्डरीवर आणि ट्रेझरीतल्या रांगेवर राहू लागला. बरी हवा, छावणी, शाळा-कॉलेजं, देवळं, व्याख्यानमाला, यामुळे पुणं 'पेन्शनरांचं शहर' झालं. सकाळी पर्वती चढणारे आणि संध्याकाळी कट्ट्यावर राज्यकारभार चालवणारे आजोबा म्हणजे या दरमहा पैशाचं दृश्य रूप.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही. केलेल्या सेवेतून मिळवलेला तो हक्क आहे. त्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. मग २००४ पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी ती जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर गेले तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो 'सरकारी लोकांचा हट्ट' वाटला. पण ते पगारापलीकडचं काहीतरी मागत होते. सत्तराव्या वर्षी मुलाच्या घरात स्वतःच्या पैशाने राहता यावं, हे त्यात होतं.

पेन्शन नसलेल्यांचं म्हातारपण मात्र वेगळ्या दिशेने गेलं. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा, खाणावळीत जेवायचा, गावाला पैसे पाठवायचा. त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं. म्हातारपणी गावी जायचं. मुंबई कमवायला, गाव मरायला. १९५२ च्या कायद्याने कापड उद्योगाला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला, पण तो एकरकमी पैसा. गावच्या घराची कौलं, मुलीचं लग्न, जुनं कर्ज, यात तो संपून जाई. पुढे म्हाताऱ्याला आधार उरायचा तो तुकडाभर जमिनीचा आणि मुंबईत त्याच खोलीत, त्याच गिरणीत चिकटवून दिलेल्या मुलाचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ही साखळीच तुटली. गावी परतायचं वय व्हायच्या आतच अनेकांना परतावं लागलं, आणि मागे पैसे पाठवायला गिरणीत मुलगा नव्हता. म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तेव्हा संपात पस्तिशीचा असलेला माणूस पासष्टीला आला होता. कित्येक ठिकाणी घराची चावी घ्यायला वारसच उरले होते.

भाडेपावतीतली सेवा

आता या इतिहासातला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग. शहरातल्या म्हाताऱ्यांची काळजी कोणत्या कायद्याने घेतली, असं विचारलं तर कोणीही भाडेनियंत्रण कायद्याचं नाव घेणार नाही. मी घेईन.

१९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा युद्धकाळातल्या घरटंचाईतून आला. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. हे आपल्याला साधारण माहीत असतं. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात, 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येत, एक छोटी तरतूद होती. भाडेकरू वारला तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेला कुटुंबीय भाडेकरू ठरेल. नुसता वारस असून पुरेसं नाही. बरोबर राहत असला पाहिजे.

या एका अटीने काय केलं असेल बघा. गिरगावातली, दादरमधली किंवा सदाशिव पेठेतली खोली. भाडं नगण्य, पण पागडीच्या बाजारात किंमत मोठी. ती खोली सत्तरीच्या आजोबांच्या नावावर. त्यांना नको म्हणून चालणार नाही, कारण भाडेपावती त्यांची. त्यांच्याबरोबर राहणं सोडून चालणार नाही, कारण राहिलं नाही तर खोली मालकाकडे जाईल. मग कोणीतरी राहिलंच. धाकटा मुलगा, पुतण्या, नातू. रेशनकार्डावर नाव चढलं. दीडशे चौरस फुटांत सहा माणसं झाली, पण म्हातारा माणूस एकटा पडला नाही.

यात प्रेम नव्हतं असं मी अजिबात म्हणत नाही. दीडशे चौरस फुटांत सहा माणसांनी वर्षानुवर्षं एकमेकांना सांभाळून घेणं निव्वळ स्वार्थाने होत नाही. पण ते प्रेम टिकवायला कायद्याने एक खुंटी मारून ठेवली होती. 'पूर्वी मुलं आई-वडिलांजवळ राहायची' याचं एक कारण त्या व्याख्येतही आहे.

याची दुसरी बाजू तितकीच खरी. मालकीणबाई. नवरा गेलेली, मूल लांब असलेली, वाडा नावावर असलेली म्हातारी. दहा बिऱ्हाडांकडून मिळून जे भाडं यायचं त्यात तिचं औषध भागत नव्हतं, मग छपराची दुरुस्ती कुठली? भाडेकरूंची म्हातारपणं ज्या कायद्याने सांभाळली, त्याच कायद्याने मालकिणीचं म्हातारपण गळक्या कौलाखाली ठेवलं. वाडे खचत गेले. मुंबईत मोडकळीला आलेल्या चाळींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. आज पेठांमधून फिरताना वाड्यांच्या जागी इमारती दिसतात आणि आपण हळहळतो. हळहळताना त्या मालकीणबाईही आठवायला हव्यात.

तिसरा मजला, लिफ्ट नाही

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले शेकडो वाडे पाण्यात गेले, आणि पुण्याचं राहणं बदलायला एक जोराचा धक्का मिळाला. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. योगायोगाने त्याच सुमारास महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदाही आला. पुढच्या तीन दशकांत 'सोसायटी' आणि 'ओनरशिप फ्लॅट' हे शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसले.

ही घरं कोणी घेतली? बँकेत, एलआयसीत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या जोडप्यांनी. त्यांच्यासाठीच ती बांधलेली होती. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. लिफ्ट ही काही नवलाची गोष्ट नव्हती, मुंबईत तर लिफ्टचा स्वतंत्र कायदा १९३९ पासून होता. पण तीन-चार मजल्यांपर्यंत ती बसवावी लागत नसे. मग बिल्डरने ती का द्यावी, आणि पस्तिशीतल्या गिऱ्हाइकाने तिचे जास्तीचे पैसे का मोजावेत? उलट तिसऱ्या मजल्यावर वारा चांगला, डास कमी.

१९८५ साली पस्तिशीत फ्लॅट घेतलेला माणूस २०२५ मध्ये पंचाहत्तरीचा आहे. मजला तोच आहे, जिना तोच आहे. गुडघे मात्र बदललेले आहेत. त्याच्या इमारतीतल्या बहुतेक घरांची हीच कथा, कारण सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच वयात घरं घेतली होती. वाड्यात वयं मिसळलेली होती, या इमारती एकदमच म्हाताऱ्या झाल्या. नंतरच्या इमारतींत लिफ्ट आल्या, पण तळमजला पार्किंगला गेला. वाड्यात आजोबा जिथे बसायचे, त्या पातळीवर आता स्कूटर उभ्या असतात.

माझे आई-बाबा अशाच एका इमारतीत राहतात, पुण्यापासून चार तासांवरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर. दोघंही अजून साठीच्या आसपास आहेत, त्यामुळे प्रश्न अंगावर आलेला नाही. पण शेजारच्या आजी दोन वर्षांत तीनदा खाली उतरल्या. दवाखान्यासाठी दोनदा आणि मतदानासाठी एकदा. भाजी त्या दोरी बांधलेल्या पिशवीने वर घेतात. त्यांचा मुलगा दुष्ट नाही, रोज व्हिडिओ कॉल करतो. पण चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी वाचवलेल्या लिफ्टच्या खर्चाचा हप्ता आज त्या आजी फेडत आहेत.

दोन नाटकं, दोन भीती

मराठी मध्यमवर्गाला म्हातारपणाची नेमकी कसली भीती वाटते, हे सत्तरच्या दशकातल्या दोन नाटकांनी सांगून ठेवलं आहे. डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलेलं वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट', आणि त्याच दशकातलं जयवंत दळवींचं 'संध्याछाया'. पहिल्यात गणपतराव बेलवलकर हयातीतच सगळं मुलांना वाटून टाकतात आणि बेघर होतात. दुसऱ्यात घर आई-वडिलांचंच आहे, त्यांना कोणीही बाहेर काढलेलं नाही, पण घरात कोणी येत नाही. थोरला मुलगा अमेरिकेत आहे. एका नाटकात घर जातं, दुसऱ्यात घर उरतं आणि माणसं जातात.

कायद्याला पहिल्या भीतीवर काहीतरी करता येतं, आणि त्याने ते उशिरा का होईना केलं. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही वृद्ध आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी टाकली. १९७३ च्या फौजदारी संहितेने १२५ व्या कलमात, कोणत्याही धर्माच्या असोत, आई-वडिलांना आणलं. त्यातून कल्याणमधल्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८७ साली न्यायालयाने सांगितलं की लग्न झालेली मुलगीही आई-वडिलांना सांभाळायला बांधील आहे. 'मुलगी परक्याचं धन' हे वाक्य कायद्यापुरतं तिथे संपलं.

मग आला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा. कोर्टाच्या पायऱ्या नकोत, प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, वकील लागत नाही, दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता. त्यातलं २३ वं कलम वाचताना मला बेलवलकर आठवल्याशिवाय राहिले नाहीत. ज्येष्ठ नागरिकाने सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो.

यातली मेख 'अटीवर' या शब्दात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी अट होती हे दिसल्याशिवाय हे कलम लागू होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावायला हवा असं सांगून मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं. म्हणजे हा प्रश्न अजून हलता आहे. दरम्यान २०१५ मध्ये महाराष्ट्राने पती-पत्नी, मुलं आणि नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देण्यावरची मुद्रांक शुल्काची रक्कम २०० रुपयांवर आणली. हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा की बेलवलकरांना जे करायला एक अख्खा अंक लागला, ते आता एका सकाळी उरकता येतं.

गेल्या दिवाळीत बाबांनी मला हेच सुचवलं. "शुल्क जवळजवळ नाहीच, तुझ्या नावावर करून टाकतो, नंतर तुला धावपळ नको." त्यांच्या आवाजात नुसतं प्रेम होतं, आणि हेच मला अवघड गेलं. मी म्हटलं, "बाबा, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र नको." ते थोडे दुखावले. मुलगा आपलं घर घ्यायला नाही म्हणतो, हे त्यांना परकेपणाचं वाटलं. आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलतोय तो." मला माझ्या आजच्या मनाची खात्री आहे. पण वीस वर्षांनंतरची नोकरी, शहर, आजारपण, कर्ज यांची नाही. मी चांगला मुलगा राहीन या गृहीतकावर त्यांचं छप्पर अवलंबून ठेवायचं नाही, एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

'करील' आणि 'करू शकेल'

शेवटी वृद्धाश्रम. फॉरवर्डमधला तो बदनाम शब्द. महाराष्ट्र सरकारची वृद्धाश्रमांना अनुदान देणारी योजना १९६३ सालची आहे. त्यात पुरुषांसाठी ६० आणि स्त्रियांसाठी ५५ वर्षांची अट होती. म्हणजे वाडे, चाळी, एकत्र कुटुंबं भरात असतानाच राज्याला याची गरज दिसलेली होती. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. नावात आई घालून सरकारने त्या शब्दाची बोच कमी करायचा प्रयत्न केला. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही पोर्तुगीज काळापासूनची सरकारी संस्था आजही वृद्धांसाठी घरं चालवते.

२००७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम लिहिलेला आहे. पण वाक्याच्या सुरुवातीचं क्रियापद बघा. राज्य सरकार असे आश्रम स्थापन 'करू शकेल'. 'करील' नाही. आमच्या धंद्यात १९९७ पासूनचा आरएफसी २११९ नावाचा एक दस्तऐवज आहे. तांत्रिक नियमांत 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचा नेमका अर्थ काय घ्यायचा, हे तो ठरवून देतो. 'मे' म्हणजे केलं तर उत्तम, नाही केलं तरी नियम मोडला नाही. दीडशे म्हाताऱ्यांची खाट कायद्याने 'मे'वर टाकलेली आहे.

दुसऱ्या टोकाला गेल्या पंचवीस वर्षांत ज्येष्ठांसाठीची खाजगी गृहसंकुलं उभी राहिली, आणि त्यात पुणं पुढे आहे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, बाथरूममध्ये धरायला दांडे असतात, जमीन घसरडी नसते, जेवण तयार मिळतं, बटण दाबलं की माणूस येतो. २०१९ मध्ये केंद्राने अशा संकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तिथे राहणाऱ्यांना कोणी 'टाकलेलं' नसतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपली जुनी तिसऱ्या मजल्यावरची घरं विकून हे निवडलेलं असतं. वाड्यातल्या ओसरीवरचा मान त्यांनी रोख पैशाने परत विकत घेतलेला असतो.

पण त्यासाठी विकायला आधी तिसऱ्या मजल्यावरचं घर असावं लागतं. माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचं वय ५८ आहे. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा. भाडेकरार संपला की 'बरोबर राहणाऱ्या' कोणालाही काही मिळत नाही, त्यामुळे जुन्या भाडेपावतीची ती खुंटीही नाही. गावची जमीन दिरांच्या नावावर. नोकरीचा कागद नाही, त्यामुळे पेन्शन नाही. पासष्टी झाली आणि उत्पन्नाचा दाखला जमला, तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. दीडशे वर्षांपूर्वी ससूनच्या पंगुगृहाच्या दारात जी माणसं उभी होती, त्यांच्याकडे आणि मावशींकडे असलेल्या कागदांत फारसा फरक नाही.

म्हणून पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की वाद घालू नका. आई-बाबांशी बोलताना तीन गोष्टी विचारा. घर कोणाच्या नावावर आहे? मृत्युपत्र केलं आहे का? आणि गुडघे बसले तर जिना कोण चढणार? प्रश्न अवघड वाटतील, एखादी संध्याकाळ बिघडेलही. मग तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना विचारा, त्यांच्याकडे यातला कोणता कागद आहे. ई-श्रमची नोंद, आधारवरचं खरं वय, बँकेचं खातं, उत्पन्नाचा दाखला, यातलं जे राहिलं असेल ते एका रविवारी बसून करून देता येतं. मावशींच्या आधारवर जन्मतारीख आठ वर्षांनी कमी लागलेली आहे. ती दुरुस्त झाली नाही तर त्यांची पासष्टी सरकारदरबारी आठ वर्षं उशिरा येईल. शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे.